सोपाना, तुझ्या चाकातल्या सुया

"ठिवा! आधी ती पक्कड खाली ठिवा! आजून एक तार काढली तर हे चाक तुमच्याच गळ्यात घालीन आन येशीपातुर मिरवीन, सांगून ठिवते!"

यसूवहिनींचा हा आवाज महाळुंग्यातून निघाला आणि, खोटं सांगत नाही सोपाना, चाकणच्या बाजारात कांद्याचं पोतं उतरवणाऱ्या हमालानं दचकून ते स्वतःच्याच पायावर सोडलं. तू मात्र अंगणात सायकल उलटी करून बसला होतास. चाकं आभाळाकडे, मान खाली. ओरडणारी बायको आपली नव्हेच, शेजारगावातल्या कुणाची तरी आहे, अशा थाटात तू मागच्या चाकातली एक तार सैल करत होतास. कुंपणापाशी भागी आणि रखमा उभ्या. सख्ख्या जावा, चुली वेगळ्या, बोलणं बंद. पण त्या दुपारी दोघी एकाच कामाला आल्या होत्या. दोघींना तुझ्या हातची विणायची सुई पाहिजे होती.

"एकच काढतो," तू म्हणालास. "एका तारंत दोघींचं भागतंय."

"आन चाकाचं?" वहिनींनी विचारलं.

"चाकाचं काय? बैलगाडीच्या चाकाला आरे किती? बारा. वर कांद्याची पोती, पोत्यांवर पोरंबाळं, पोरांच्या हातात ऊस. एवढं वझं बारा आऱ्यांवर चाललंय का न्हाई? मग माझ्या एकट्याच्या बुडाखाली हा तारांचा झाडू कशाला? सायबानं शोभेला लावल्यात." मग माझ्याकडे वळून, "काय महादू? खोटं बोलतो का मी?"

"सोपाना, बैलगाडी येगळी, सायकल येगळी," मी म्हणालो.

"कशी येगळी ते सांग."

मला सांगता आलं नाही. पंचक्रोशीत ज्याची जीभ कुणाला ऐकत नाही, असा मी. तेवढ्यात टिंग करून तार सुटली. वहिनी आत गेल्या. भांडं आपटलं नाही, दार आपटलं नाही. त्या घरात एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

उद्या तुझं तेरावं. लोक म्हणतात, महादू, तुला लिहिता येतं, सोपानावर चार ओळी लिही, जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण. ते मी लिहिणार नाही. तुझा जन्म कधीचा हे तुझ्या आईलाही ठरवता येत नव्हतं. ती म्हणायची भामा नदीला पूर आला तेव्हा, तुझा चुलता म्हणायचा टोळ आले तेव्हा, आणि मी गावात असं पसरवलं होतं की टोळांनी पीक खाल्लं, पुरात स्वतः वाहून गेले आणि काठावर तुला ठेवून गेले. तू ऐकून म्हणाला होतास, "असंल बी." तुझ्याशी थापा मारण्यात हीच अडचण होती. तू विश्वास ठेवायचास.

तुझ्या हरण्या बैलाचं डावं शिंग कसं मोडलं, याच्याही मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. एकीत वाघ आहे. एकीत आगगाडी आहे, आणि तिचं जास्त नुकसान झालेलं आहे. खरं एवढंच की बैल बांधावरून घसरला आणि शिंग दगडात अडकून मुळापासून चार बोटं वर मोडलं. पोळ्याला सगळ्यांचे बैल हिंगूळ फासून, बेगड लावून, शिंगांना पितळी शेंब्या चढवून वेशीत उभे होते. तुझा हरण्या रांगेच्या शेवटी, एक शिंग चकाकतं, एक खुंट. कुणीतरी ओरडलं, "सोपानाचा बैल अर्धाच आलाय रं! अर्धा घरी ठिवला का?" सगळे हसले. तूही हसलास. पण तुझा तळहात त्या खुंटावर होता आणि तो तू मिरवणूक संपेपर्यंत काढला नाहीस. ते मी पाहिलं होतं.

त्यानंतरच तू पिंपरीच्या कॅम्पातल्या अम्माकडे जायला लागलास. सिंधमधून उठून आलेली माणसं तिथं राहत होती. आपल्या कारखान्याच्या वाटेवर, आपल्या जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, स्वतःच्या दारापुढं गोणपाटावर बसून ही म्हातारी आकडेवाल्या सुईनं जाळीचे रुमाल विणायची. येणारेजाणारे बघून पुढे जायचे. तू तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि मूठ पुढे केलीस.

"अम्मा, येवढी टोपी हुईल का?"

"बच्चे की?"

"बैलाची. शिंगाची."

अम्मा इतकी हसली की तिची सून आतून धावत आली. सून म्हणाली, सिंध सोडल्यापासून सासू हसलेली तिनं पाहिली नव्हती. हे मी वाढवलेलं नाही, सोपाना. एवढं एक तसंच ठेवलंय.

पण तिच्याकडे सुई एकच. ती तिच्याबरोबर सगळं सोडून आलेली. कुणाच्या हातात ती द्यायची नाही. तेव्हा तू पिशवीतून तुटलेली तार काढलीस. तुझ्याच मागच्या चाकातली, खड्ड्यात आपटून गेलेली. दगडावर घासून घासून तू तिच्या टोकाला आकडा काढलास. अम्मानं ती घेतली, स्वतःच्या गालावरून हळूच ओढली, आणि परत दिली. "अभी काटती है." पुन्हा घासलीस. पुन्हा गाल. गालाला जी सुई लागत नाही ती दोऱ्यालाही धरत नाही, असा तिचा हिशेब. तो तू उचललास. पुढं गावाला ज्या ज्या सुया दिल्यास त्या आधी तुझ्या गालावरून फिरल्या. तुझ्या गालावर कायम बारीक ओरखडे असायचे आणि मी सांगायचो, सोपानाच्या घरात मांजर नाही, वहिनी आहेत.

पहिली टोपी तू साखरेच्या पोत्याची शिवण उसवून काढलेल्या दोऱ्याची केलीस. इतकी घट्ट, की तिच्यात पाणी भरून आळंदीपर्यंत नेलं असतं तरी थेंब सांडला नसता. दुसरी सैल झाली, तिसरी वाकडी. चौथी मात्र हरण्याच्या खुंटावर अशी बसली की जणू तो टोपी घालूनच जन्मला होता. हळदीत रंगवलेली, टोकाला लाल गोंडा. दुसऱ्या दिवशी बैल पाण्यावर नेलास तेव्हा नदीवर धुणाऱ्या बायकांनी धुणं सोडलं. पितळी शेंब्यांकडे कुणी बघेना. गोंडा हलतोय आणि हरण्या मान अशी टाकतोय, की सांगतो, एखाद्या सरदाराचा घोडा लाजला असता.

तिथून गावाला ते वेड लागलं. आधी शिंगांच्या टोप्या, मग गळ्यातल्या घुंगरांचे गोंडे, मग तांब्यावरच्या जाळ्या, चोळीच्या बाहीला काठ, बाळाच्या कुंचीला कळ्या, अंबाड्यात खोचायची फुलं. कुरुळीच्या एकानं म्हशीलाही टोपी घातली. तिनं ती खाल्ली, आणि पुढे आठवडाभर तिच्या दुधाला जाळीदार साय यायची.

आणि तू सगळ्यांना शिकवायचास. ओट्यावर बायका, बायकांमागे भिंतीला टेकून बाप्ये, "आमी आपलं बैलासाठी बघतोय" असं म्हणत. तुझं शिकवणं मला तोंडपाठ आहे.

"घाबरायचं न्हाई. ह्यात मोडत काय न्हाई, उसवलं की झालं. आधी सा साखळ्या. तोंडाला तोंड जोडा. झालं कडं. आता कड्यात खांब उभं करा, दाटीवाटीनं. पुढच्या फेरीत खांबावर दोन-दोन. थाळी पसरंल. पसरू द्या. शिंगायेवढी झाली का वाढवणं बंद. वाढवणं बंद केलं का ती आपसूक खाली वळती. झाली टोपी."

"आन न्हाई वळली तर?" भागी विचारायची.

"तर रुमाल म्हण."

"आन खांब जास्त झालं तर?"

"कड फुलारंल. अंबाड्यात खोच. फूल म्हण."

असं तुझं. नवख्याच्या हातून काहीही होवो, तू त्याला नाव द्यायचास. एकाच गोष्टीला तुझ्याकडे नाव नव्हतं. रखमानं एकदा मधला खांब गाळला आणि थाळी एका अंगाला ओढून वाकडी झाली. तिला वाटलं, यालाही तू काहीतरी म्हणशील. तू ती हातात घेऊन बघत राहिलास. "एक खांब गाळला का सगळी कड तिकडं ओढ घेती. ह्याचं काय व्हत न्हाई. उसव." मी समोर होतो. चहा पीत होतो. ऐकलं आणि कपात पाहिलं.

कारण तोपर्यंत सुयांचं सुरू झालं होतं. अम्माचा हातगुण तुझ्या सुईत आला, तुझ्या हातगुणाची सुई गावाला पाहिजे होती. मी पुण्याच्या बाजारातून विकतच्या सुया आणल्या, चांदीसारख्या, कागदात गुंडाळलेल्या. रखमानं एकीनं चार खांब घातले आणि ओट्यावरून भिरकावली. "हिला हातगुण न्हाई. दोरा धरती." दुसऱ्या सुईनं भागीच्या सासूनं कान कोरला. बाकीच्या मी कोंबड्यांना घातल्या असं सांगतो, पण त्या माझ्या फडताळात अजून आहेत. लोकांना तुझ्या चाकातलीच तार पाहिजे होती. दुसऱ्या कुणाच्या चाकातली चालत नव्हती, माझी मी स्वतः दिली, तर म्हणाले, "महादूची तार थापा मारंल, इणायची न्हाई."

मी तुला म्हणालो होतो, नाही म्हण ना एकदा. कारखान्यातून येताना, सायकली हातात धरून चालत होतो तेव्हा. तू थांबलास.

"महादू, कुंपणाला कोण उभं ऱ्हातंय, बघितलंस का? ज्यांनी माझा बैल अर्धा म्हटला, तीच माणसं. आता ती माझ्या दारात येत्यात, आन मी त्यांना न्हाई म्हनू?"

मी सायकल पुढं ढकलली.

मग तो आवाज सुरू झाला. तुझं मागचं चाक चालता चालता कंबर हलवायला लागलं आणि लोखंडाची कड आतल्या दांडीला घासायला लागली. खस्. खस्. खस्. तू लांबवर असलास तरी ऐकू यायचा. आधी मी त्याची मजा केली. म्हणालो, सोपाना येतोय हे खराबवाडीच्या कुत्र्यांना आमच्या आधी कळतं, ती उठून वाट सोडतात. पुढं खरंच तसं व्हायला लागलं. कुत्री उठायची, भुंकायची नाहीत, बाजूला जाऊन उभी राहायची. मी ती गोष्ट सांगणं बंद केलं. थाप खरी होत चालली की मला सुचेनासं होतं.

वहिनी तर त्या आवाजावर भाकरी टाकायच्या. खस् खस् वेशीत आली की तवा चुलीवर. एका संध्याकाळी आवाज आला नाही. तुझी ट्यूब फुटली होती आणि तू सायकल उचलून चालत येत होतास, एवढंच. पण वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या. पीठ वाळून बोटांवर तडकलं तरी उभ्या. तू आलास, हसलास, "अगं, फुगाच फुटला," म्हणालास. त्या आत गेल्या. मला वाटतं, तू आता कधीच येणार नाहीस असं त्यांच्यातलं काहीतरी आधीच धरून बसलं होतं.

सकाळी तू निघायच्या आधी सायकल अंगणात उभी असायची आणि कोवळ्या उन्हात चाकाची सावली सारवलेल्या जमिनीवर पडायची. वहिनी चाकाकडे बघत नसत. सावलीकडे बघत. एकदा मला बोलावलं.

"भावजी, हितं बघा. सावलीला भोकं पडल्यात. पयलं हात जायचा न्हाई. आता मांजर जाईल."

"जाऊ द्या की वहिनी," मी म्हणालो, "उंदीर तरी कमी होतील."

त्या हसल्या नाहीत. "तुमच्या मैतराला सांगा. माझं ऐकत न्हाईत."

सांगितलं. तू म्हणालास, चाकणला हुसेनभाईच्या दुकानात नव्या तारा टाकायच्या म्हणजे चाक दोन दिवस तिथं ठेवावं लागतं, दोन दिवस खाडा पडतो, आणि पोळा तोंडावर आहे. "पोळा होऊ दे. मग टाकतो. तवर बैलगाडीचं चाक समज." आणि पुन्हा तेच, बारा आरे, कांद्याची पोती, पोरांच्या हातात ऊस. दर वेळी त्या पोत्यांवर तू आणखी काहीतरी चढवायचास. शेवटी शेवटी नवरा-नवरी आणि वाजंत्रीही बसले होते. थापा माझ्याकडून शिकलास म्हणून मला आधी बरं वाटायचं.

ती सकाळ मी आहे तशी लिहितो. इथं काही वाढवणार नाही.

आपण पहिल्या पाळीला निघालो होतो. तू पुढे, मी मागे. तुझ्या सदऱ्याच्या खिशात हरण्याची नवी टोपी होती, लाल-पिवळी, शेवटची फेरी राहिलेली, सुई तशीच तिच्यात अडकवलेली. गोंडा खिशाबाहेर हलत होता. चिंबळीच्या पुढे रस्ता इंद्रायणीकडे उतरतो, तिथं तू पाय मारणं थांबवलंस. चाक घासत होतं. मग घासायचं थांबलं. मला ते आधी कळलं, की आवाज नाही. मी तोंड उघडलं होतं, तुला हाक मारायला की काय, आठवत नाही. मग टिंग. मग एकामागून एक, टिंग, टिंग, टिंग, आणि मागचं चाक भाजलेल्या पापडासारखं दुमडलं. मागून पुढून कुणी नव्हतं. गाडी नव्हती, ढोर नव्हतं. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता.

लोक विचारतात, शेवटी काय म्हणाला? माझ्याकडून सगळ्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. तू काही म्हणाला नाहीस, सोपाना. डोळे उघडे होते आणि गालावर आदल्या दिवशीच्या सुईचा ओरखडा होता.

टोपी मी खिशातून काढली. सुई तिच्या शेवटच्या फासात तशीच होती. ओढली असती तर सगळी उसवली असती. तशीच, हात न हलवता, घरी आणून वहिनींच्या हातात दिली. त्यांना विणता येत नाही. साऱ्या गावात त्यांनीच एक कधी सुई धरली नव्हती. त्यांनी ती कोनाड्यात ठेवली. अजून तिथंच आहे. तिचं तोंड कुणी बांधलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या, पदर तोंडाला लावून. वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज या वेळी कुंपणाच्या पलीकडेही गेला नसता.

"रडायला येऊ नका. येताना माझी तार घेऊन या."

बायका माघारी गेल्या. मला वाटलं, रुसल्या. पण संध्याकाळपासून एकेक परत यायला लागली. तुला सांगतो, असं काही मी पाहिलेलं नाही आणि इतकी वर्षं थापा मारूनही मला ते रचता आलं नसतं. प्रत्येकीच्या हातात तुझी सुई आणि सुईवर पोळ्यासाठीचं अर्धं काम. कुणाची टोपी, कुणाचा गोंडा, कुणाची झालर. सुई द्यायची तर फास सुईवरून उतरवावा लागतो. प्रत्येकीनं ओट्यापाशी उभं राहून तो उतरवला, सुई वहिनींच्या पुढच्या फडक्यावर ठेवली आणि काम हातात घेऊन वळली. चालता चालता ते उसवत होतं. संध्याकाळी अंगणापासून वेशीपर्यंत रंगीत दोरे पडले होते. कुणी गोळा केले नाहीत. बाप्येही आले. ज्यानं तुझा बैल अर्धा म्हटला होता तोही आला, सुई ठेवली, आणि हरण्यापाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला.

भागी आणि रखमा बरोबर आल्या. एका तारेच्या दोन सुया त्यांनी फडक्यावर टोकाला टोक लावून ठेवल्या, जशा काय त्या पुन्हा जुळणार होत्या. मग रखमानं भागीचा हात धरला. दोघी तशाच, हात धरून गेल्या.

तू मला दिलेली सुई मीही ठेवली. गालावरून एकदा फिरवली आणि ठेवली.

वहिनींनी फडक्याची गाठ मारून माझ्याकडे दिलं. चाकही दिलं, दुमडलेलं ते कुणीतरी दगडावर ठोकून गोल केलं होतं. "त्यांचं चाक पुरं करून आणा, भावजी," त्या म्हणाल्या. "भोकं ठिवून मी त्यांचं तेरावं घालायची न्हाई."

आज चाक खांद्यावर टाकून मी चाकणला चालत निघालो. सायकलवर बसवेना. ऊन पाठीमागे होतं आणि चाकाची सावली माझ्यापुढे पुढे चालत होती. मांजरच काय, तिच्यातून हरण्या गेला असता. आणि तिथं, खराबवाडीच्या वळणावर, सोपाना, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं.

बैलगाडीचा आरा खाली उभा राहतो. वझं वरून येतं, तो खालून ढकलतो. बारा असले तरी बारा दांडगे गडी उभे आहेत. सायकलची तार उभी राहूच शकत नाही. ती बारीक, ती नुसती ओढते. सगळ्या मिळून चारी बाजूंनी कड ओढून धरतात म्हणून चाक गोल राहतं, नाहीतर ती नुसती लोखंडाची पट्टी. एक काढली की कड तिकडं ओढ घेते. हे तुला माहीत होतं. रखमाची थाळी हातात घेऊन हे तूच बोलला होतास. तू चाकाला बैलगाडी समजत होतास, आणि ते होतं तुझं विणकाम. "कशी येगळी ते सांग," असं विचारलं होतंस ना? ही अशी. आता ऐक. मी रस्त्यात उभा राहून मोठ्यानं सांगितलं. एक कुत्रं उठलं, बाजूला जाऊन उभं राहिलं.

हरण्या खुंट मोकळा घेऊन गोठ्यात उभा आहे. पोळ्याला त्याला वेशीत कोण नेणार, ते अजून ठरलेलं नाही. मी नेईन म्हणालो आहे. कुणी अर्धा म्हटलं तर मी त्याला वाघाची आणि आगगाडीची गोष्ट एकदम सांगेन, आणि त्यात तुलाही घालीन.

हुसेनभाईच्या दुकानात मी चाक टेकवलं आणि फडकं सोडलं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं हातातलं काम ठेवलं. मी बोलत सुटलो. म्हणालो, बघा, एकही हरवलेली नाही, सगळ्या घरांतून गोळा केल्यात, तुमचा हात लागला तर होईल, ह्या पुन्हा चाकात बसवायच्या आहेत, उद्या तेरावं आहे. त्यानं एक उचलली. उजेडात फिरवली. आकड्यावरून अंगठा नेला आणि परत फडक्यावर ठेवली.

"ह्या तारा न्हाईत," तो म्हणाला. "सुया हायेत."